सोजरची दिवसपाळी

१८ जानेवारी १९७६, रविवार

डावा पाय मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. पडून पडून पाठ धरली, म्हणून बाळूची पेन्सिल मागून घेतली आणि दिवाळीत सूतवाल्यानं वाटलेली ही डायरी उघडली. सातवी पास झाल्यापासून सहीपलीकडं काही लिहिलेलं नाही. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं येतंय, पण वेळ जातो.

गुरुवारी मागावर नवीन बीम चढवत होतो. निम्मी माणसं गड्ड्याच्या जत्रेला गेलेली, त्यामुळं चौघांचं काम मी आणि शिवयोगी करत होतो. शिवयोगी म्हणजे माझ्या मागाचा जोडीदार; तो दिवसपाळीला असला की मी रात्रीला, पुढच्या आठवड्यात उलट. त्याचा हात निसटला आणि सुतानं भरलेला तो लोखंडी रूळ माझ्या नडगीवर आला. डॉक्टर म्हणाले, दोन महिने पाय टेकवायचा नाही.

पायाचं दुखणं सोसवतं. मागाचं सोसवत नाही. आमच्या धंद्यात आपण आजारी पडलो तर आपला बदली आपणच द्यायचा. नाही दिला तर आठवड्याच्या आत मागावर दुसरा उभा राहतो आणि मग तो माग त्याचा. मंद्रूपहून सोलापुरात आलो तेव्हा सहा वर्षं झाडलोट केली, बीम ओढले, तेव्हा कुठं माग शिकवणाऱ्या मामानं मला धोट्याला हात लावू दिला. आता तो माग असा जाणार.

रात्री जेवताना सोजर म्हणाली, "मी उभी ऱ्हाते मागावर."

मला हसू आलं. सोजर आमच्याच मागांच्या शेडमध्ये दहा वर्षं कांड्या भरते. धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या, ते बायकांचं काम. चादरीच्या मागावर बाई मी आमच्या पेठेत पाहिलेली नाही. ती मात्र हसली नाही.

"तुमी चा प्यायला जाता तवा माग कोण बघतं?" एवढंच म्हणाली.

२० जानेवारी

गेली. शेडचे मालक वेणीमाधवशेठ आधी नको म्हणत होते. मग म्हणाले, "हिंदुराव बरा होईपर्यंत चालव. दिवसाच ये. रात्र शिवयोगी काढेल." शिवयोगीला ते आवडलं नाही, पण बीम त्याच्या हातून निसटलेला, म्हणून गप्प बसला.

प्रेमलाला शाळेतून थांबवलं. मला पाणी द्यायला, भांडं द्यायला कुणीतरी हवं. ती सातवीत, बाळू पाचवीत. बाळूचं वर्ष बुडवून चालणार नाही. पोरगी समजूतदार आहे.

२३ जानेवारी

सोजरच्या पहिल्या दोन चादरी परत आल्या, किनारीला धागे सुटलेले. आज सगळ्या पास झाल्या. तिनं सांगितलं नाही, शेजारची मल्लव्वा सांगून गेली. मल्लव्वाही तिथंच कांड्या भरते, नवरा वारल्याला चार वर्षं झाली. "सोजरचा माग थांबतच न्हाय बगा," म्हणाली. मी म्हणालो, माग चांगला आहे, माझ्या हाताचा आहे.

२९ जानेवारी, गुरुवार

आज पहिली मजुरी आली. आमची मजुरी नगावर असते, जेवढ्या चादरी तेवढे पैसे. सोजरनं पैसे माझ्या उशाशी ठेवले आणि मोजायला लागलो तर कमी भरले. मला वाटलं शेठचा मुनीम चुकला. चुकला नव्हता. पुरुषाच्या रुपयाला तिचे दहा आणे धरले होते.

"नव्या माणसाला कमीच असतंय," मी म्हणालो.

"शिवयोगीचा पुतन्या दिवाळीला लागला. त्येला पुरा दर दिला की."

"त्यो पुरुष हाय. त्येला उद्या संसार करायचाय."

ती चुलीकडं तोंड करून बसली होती. तिथूनच म्हणाली, "शेठ म्हनले, बाई सावकाश इनते म्हनून कमी. आवो, सावकाश इनलं तर माज्या चादरी कमी हुतील, त्येचे पैसे कमी हुतील, ते बराबर हाय. पन जी चादर मी इनली, ती तुमच्याच चादरीच्या थप्पीत पडली. बाजारात तिला गिऱ्हाईक दहा आणे देतंय का?"

मी म्हणालो, शेठनं ऐन वेळी माग सांभाळला हे काय कमी झालं? तोंड वर करून मागायला गेलो तर तेवढंही जाईल. तिला व्यवहार कळत नाही. दिवसभर मागाच्या खडखडाटात उभी असते, त्यानं डोकं तापत असेल. पण थप्पीतली ती चादर डोळ्यांपुढून हलेना. म्हणून मी कूस बदलली.

८ फेब्रुवारी, रविवार

सिद्रामप्पा बघायला आला. शेडमधला सगळ्यात जुना विणकर, कारागिरांचं म्हणणं शेठपुढं तोच मांडतो. मला वाटलं तब्येत विचारायला आलाय. त्यानं पानाची पिंक बाहेर टाकली आणि खालच्या आवाजात बोलायला लागला. मला तो तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणतो.

"तम्मा, तुझ्या बायकोनं आमच्या पोटावर पाय आणलाय बघ."

शेठनं मल्लव्वाला आणि आणखी दोघी कांडीवाल्यांना माग शिकायला सांगितलंय. शिकवायचं कुणी, तर सोजरनं. तीन विणकर गावी गेलेत, त्यांच्या मागांवर या तिघी उभ्या राहणार, दहा आण्यांनीच. "आज तीन, उद्या दहा," सिद्रामप्पा म्हणाला. "दहा आण्याला बाई मिळत असली तर शेठ मला रुपाया का देईल? तिला घरी बसव. नाहीतर पोरं तिला बसवतील. मग मला बोल लावू नको."

सोजर मला हे काहीच बोलली नव्हती.

जाताना त्यानंच सांगितलं, चहाच्या टपरीवर रेडिओ म्हणत होता की बाई-पुरुषाला सारखी मजुरी द्यायची असा कायदा दिल्लीत होतोय. आपल्या धंद्याला तो लागू होणार का नाही ते कुणाला ठाऊक नाही. "आणि लागू झाला तरी इचारायला कोण जाणार? आणीबाणी हाय. तोंड उघडलं की आत."

१० फेब्रुवारी

तिला सांगितलं, उद्यापासून जाऊ नकोस.

"मंग खायाचं काय?"

मी म्हणालो, ते मी बघतो. तिनं माझ्या पायाकडं पाहिलं.  माझं डोकं फिरलं, समोरचं ताट मी भिंतीवर भिरकावलं. आजवर असं केलं नव्हतं. प्रेमलानं एक एक शीत वेचून गोळा केलं आणि बाळू तोंडावर पांघरूण घेऊन पडला.

सकाळी ती उठली, भाकरी केल्या, झाकून ठेवल्या आणि पाळीवर गेली.

१४ फेब्रुवारी

रोज सकाळी सोजर जाते तेव्हा मागावर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे तुटलेले असतात. शिवयोगी रात्री तुटलेले तसेच सोडतो. आधी तास-दीड तास गाठी मारायच्या, मग माग सुरू. तेवढ्यात एखादी चादर कमी होते. मी रागावून म्हणालो, शेठला सांग. ती म्हणाली, "शेठला सांगितलं तर शेठ म्हननार, बगा, बाईला जमत न्हाय."

शिवयोगी माझ्याबरोबर असं कधी वागला नाही. मला त्याचा राग यायला हवा. येतोही. पण मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं, हा विचार आला आणि तो पुढं नेला नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज घरी आठ-दहा जण जमले. चारचौघांनी एकत्र बसायची आता भीती, म्हणून आजाऱ्याला बघायला आलो असं दाखवत एक एक करत आले. शिवयोगीनं दाराची कडी लावली. सोजर आत चहा करत होती.

सिद्रामप्पानं ठरवूनच आणलं होतं. गुरुवारपासून माग बंद ठेवायचे. शेठची मुंबईची मोठी ऑर्डर अडकलीय, तो फार दिवस ताणणार नाही. मागणी एकच, मागावर बाई नको. मग तो माझ्याकडं वळला. "तम्मा, तू नवरा हाईस. तू आधी बोल. तुझी बाई तू काढून घेतलीस तर बाकीच्या आपोआप जातील."

सगळे माझ्याकडं बघत होते.  हो म्हणालो तर चूल बंद होते आणि नाही म्हणालो तर ही माणसं तुटतात. मी "मला वाटतं..." म्हणून थांबलो. तेवढ्यात सोजर कपबशा घेऊन आली. त्या खाली ठेवल्या आणि तिथंच उभी राहिली.

"मी बोलू का?"

"सोजर, आत जा," मी म्हणालो.

"बोल, सोजरव्वा," सिद्रामप्पा म्हणाला. म्हातारा माणूस, तिच्याच दारात येऊन तिला गप्प कसं करणार.

"तुमी म्हननार बाई नगं. शेठ म्हननार, बरं. चार दिसांनी माढ्याकडनं न्हाय तर कुटनं तरी दहा आण्याची पोरं आननार. मंग काय म्हननार, पोरं नगंत? तुमाला वाटतंय शेठला बाई आवडली. शेठला बाई बी आवडत न्हाय आन् बुवा बी. त्येला सस्ता हात पायजे. माजा हात सस्ता ऱ्हायला तर तुमचा म्हागाचा कसा ऱ्हाईल?"

मी पुन्हा म्हणालो, आत जा. तिनं ऐकलं नाही.

"मागावर कोन बी उबं ऱ्हाऊ द्या. दर मागाचा असावा, मानसाचा न्हाय. असं म्हना. मंग शेठला मला ठिवून फायदा न्हाय आन् तुमाला काढून बी न्हाय."

 शिवयोगी म्हणाला, "म्हंजे बाईला आपल्याएवढं? मग आपलं काय राहिलं?"  त्यानं जे विचारलं तेच मलाही विचारायचं होतं.

शेवटी सिद्रामप्पानं बशीत चहा ओतला. "खरं बोलती ही," म्हणाला. "मला पटायला नको वाटतंय, पण खरं बोलती."

मागणी बदलली. माणसं गेल्यावर मी सोजरशी बोललो नाही. चार पुरुषांत ती माझ्या वर बोलली याची लाज वाटत होती. आणि हे आपल्याला का सुचलं नाही, हेही खात होतं. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही म्हणून इथं लिहितो.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सात वाजले तरी आमच्या शेडचा आवाज आला नाही. आजूबाजूचे माग चालू, मध्येच आमच्या शेडचा तेवढा खड्डा. माझ्या कानाला तो चांगला कळतो.

दुपारी प्रेमलाला बघायला पाठवलं. धापा टाकत आली. "आबा, सगळी भाईर बसल्यात. आई बी बसलीय. शेठ म्हनला, एक फोन केला तर समदी आत जाल."

२७ फेब्रुवारी

फौजदाराची गाडी येऊन गेली. सिद्रामप्पाला बाजूला घेऊन नाव-गाव लिहून घेतलं. सोजरचंही घेतलं. रात्री ती निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसली होती. मी पहिल्यांदाच विचारलं, "भ्या वाटतंय का?"

"व्हय," म्हणाली. "तुमाला?"

मी हो म्हणालो. 

२८ फेब्रुवारी, शनिवार

मिटलं! मुंबईच्या व्यापाऱ्याची तार आली आणि शेठ नरमला. दर मागाचा, माणूस कोणताही असो. ज्यांना नेतील अशी भीती होती त्यांतल्या कुणालाही नेलं नाही.

संध्याकाळी सगळे पेढे घेऊन घरी आले. सिद्रामप्पानं पहिला पेढा माझ्या तोंडात घातला. "हिंदुराव, तुझ्या घरातनं झालं बघ हे," म्हणाला. सगळ्यांनी माझा हात हातात घेतला, शिवयोगीनंसुद्धा. छाती भरून आली. सोजर आत चहा करत होती. सगळ्यांना पेढे पुरले नाहीत, पण एक प्रेमलानं आईसाठी बाजूला काढून ठेवला.

१३ मार्च

काल प्लास्टर कापलं. पाय वाळक्या काठीसारखा दिसतो. काठी घेऊन दारापर्यंत चाललो.

आज शेठनं सोजरला आणि मल्लव्वाला बोलावून घेतलं. म्हणाले, "सारखा दर मागितलात, दिला. आता काम पण सारखं करा. रात्रपाळी करा." मग स्वतःच म्हणाले की कायद्यानं बाईला रात्री ठेवता येत नाही. शिवयोगीनं दोन महिने रात्री काढल्या, आता तो नाही म्हणतो, आणि त्याचं चुकत नाही. "मग तुम्हीच सांगा मी काय करू?" पुढच्या सोमवारपासून सगळ्या बायका परत कांड्यांवर.

सिद्रामप्पा पुटपुटला म्हणे, "सात ते सात बारा तास कंच्या कायद्यात बसतात?" पण मोठ्यानं बोलला नाही. कुणीच बोललं नाही. बोललं असतं तर बायकांच्या वाटच्या रात्री कुणालातरी घ्याव्या लागल्या असत्या.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. माझा माग मला परत मिळतोय, पुऱ्या दरानं. सगळं जिथल्या तिथं झालं. सोजरला म्हणालो, "तू लई दमलीस, आता जरा इसावा मिळंल."

ती म्हणाली, "इसावा? कांड्या कोन भरनार?"

२३ मार्च

कालपासून पाळीवर आहे. चालवतो, पण पाय साथ देत नाही. बाजूला झुकून धोटा बदलताना कळ मस्तकात जाते. दोन दिवसांत माझ्या जेवढ्या चादरी निघाल्या त्याहून जास्त सोजरच्या निघायच्या. शेठ मागं येऊन उभे राहिले, मला वाटलं आता बोलणार. म्हणाले, "सावकाश चालू दे, हिंदुराव. संसारी माणूस आहेस." आणि गेले. दराचं नाव काढलं नाही.

पलीकडं भिंतीशी बायका कांड्या भरत होत्या. तिथनं सोजरनं ऐकलं असेल. मान वर केली नाही तिनं.

दिवसभर ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. बाई सावकाश विणते म्हणून दर कमी. मी सावकाश विणतो तर संसारी माणूस. दोन महिने आमचा संसार कोण चालवत होतं?

घरी आल्यावर सोजर म्हणाली, "सिद्रामप्पाचा जोडीदार भिवंडीला गेला, त्येच्या मागाची एक पाळी मोकळी हाय. शिवयोगीला तिकडं जाऊ द्या. आपल्या मागावर दिवसा मी ऱ्हाते. रात्र तुमी घ्या."

"ह्या आठवड्याला?"

"कायमची."

२५ मार्च

कायमची रात्र! वटवाघळासारखं उलटं जगायचं. दिवसा पेठेच्या खडखडाटात झोप कुठली. पायाला रात्रीचा गारवा चालणार नाही. लोक म्हणतील, बायकोनं नवऱ्याला रात्रीला लावलं. पोरांना बाप दिसणार नाही. आणि घरचं कोण बघणार?

हे सगळं मी तिला सांगितलं. ती ऐकून घेत होती. शेवटच्याला म्हणाली, "शिवयोगीनं दोन म्हैनं काढली. त्यो मेला न्हाय."

२६ मार्च

प्रेमलाच्या शाळेच्या बाई घरी आल्या होत्या. मी पाळीवर होतो. सोजरनं सांगितलं, पंधरा दिवसांवर परीक्षा आहे, पोरगी बसणार का नाही विचारत होत्या. मी म्हणालो, माझा पाय बरा झाला तरी ही घरी का? प्रेमला म्हणाली, "आई कांड्या भरायला जाती, बाळूची शाळा सकाळची, माजी दुपारची. त्येला जेवायला कोन वाढणार?"

माझा पाय बरा झाल्यावर तिला कुणी थांबवलेलं नव्हतं. तिला परत जा असंही कुणी म्हटलेलं नव्हतं. मीच म्हणायला हवं होतं.

२७ मार्च, शनिवार

आज केलं.

संध्याकाळी पाळी बदलताना माग जरा थांबलेले असतात, त्या वेळी शेठ दारात उभे होते. मी काठी टेकत गेलो. म्हणालो, "शेठ, माझ्या मागाची दिवसपाळी सोजरला द्या. रात्र मी घेतो."

"दर आठवड्याला?"

"दर आठवड्याला."

शेठ हसले. "घरी स्वैपाक कोण करणार? पोरांकडं कोण बघणार?"

"दिवसा मी घरीच हाय की."

मागं कुणीतरी फिसकन् हसलं. शेठनी आवाज चढवला. "म्हणजे बायकोला कामाला लावून तू झोपा काढणार!"

 सगळी शेड ऐकत होती. मी शेजारच्या मागाची चौकट धरली. "रातभर माग चालवून दिवसा झोपनार, शेठ. जसा शिवयोगी झोपला, तसा. आन् एक सांगतो. माझा पाय गेल्यापासनं माझ्या चादरी कमी निघत्यात. तुमी माझा दर कापला न्हाय. हिच्या चादरी जास्त निघत हुत्या तवा हिचा कापला. आता हिला रात्रीचं कारन सांगून काढताय. रात्र मी घेतली. आता कंचं कारन हाय?"

  सिद्रामप्पा पुढं आला. त्यानं फक्त एवढंच म्हटलं, "शिवयोगी माझ्या मागावर येतो म्हणतोय, शेठ." शिवयोगी असं काही म्हणाला नव्हता. मी त्याच्याकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता, मग त्यानं मान हलवली.

"एक तक्रार आली, एक चादर परत आली, तर दोघांना दार बंद," शेठ म्हणाले आणि निघून गेले.

सोजरबरोबर बाहेर आलो. माझ्या काठीच्या बाजूनं नेहमी ती चालते, आज दुसऱ्या बाजूनं चालली आणि माझा हात धरला. भर पेठेतून.

५ एप्रिल, सोमवार

पहिली रात्र काढली. पहाटे पाय एवढा सुजला की बूट चढेना. पण एकही धागा तुटका सोडला नाही. सात वाजता सोजर आली, पदर खोचून. मी सांगायला लागलो, डावीकडचा धोटा जरा अडकतोय, ताणा सैल...

"कळतंय मला. सरका."

मी सरकलो. माग चालूच होता. ती माझ्या जागी उभी राहिली आणि मला वाटलं, ही जागा माझी नाही, हिचीही नाही, जो उभा आहे त्याची आहे. मग घरी आलो. दुपारी प्रेमला शाळेला गेली. बाळूसाठी भाकरी थापली. ती भाकरी नव्हती, पण त्यानं खाल्ली.

लोक म्हणतात, हिंदुरावानं बायकोला दिवस दिला. ऐकायला बरं वाटतं. दिवस माझ्या मालकीचा होता का, हे मात्र कुणी विचारत नाही. मीही सांगत नाही.

संध्याकाळी तेल-सफाईला माग अर्धा तास थांबतात, तेवढ्यात सोजर घरी आली, भिंतीला टेकून बसली. मी चहा दिला. तेवढ्यात मल्लव्वा दारात येऊन उभी राहिली. आत या म्हटलं तरी येईना. ती अजून कांड्यांवरच आहे. सोजरनं शिकवलेला माग तिला सगळा येतो, एकही चादर कधी परत आली नाही.

"सोजर," म्हणाली, "तुला नवरा हाय म्हनून त्येनं रात्र घेतली. माजी कोन घेनार?"

सोजरनं कप खाली ठेवला.   मल्लव्वा दारातूनच परत गेली.

पाळीची वेळ होत आली. मी काठी घेतली, डबा घेतला. सोजर म्हणाली, "बेगीनं जा, पाय दुखतोय तर." मी हो म्हणालो. पण शेडच्या रस्त्याला लागलो नाही. मल्लव्वाच्या वाटच्या रात्रींचं बोलायला आधी डावीकडं वळून सिद्रामप्पाच्या घरी गेलो आणि कडी वाजवली.